अर्धा महिना दौऱ्यावर असताना तब्येत सांभाळायची कशी?

पत्राचा सारांश : पत्रलेखक ४३ वर्षांचे असून एका बियाणे कंपनीत मराठवाडा आणि पश्चिम विदर्भाची विक्री सांभाळतात. महिन्यातील निम्मे दिवस त्यांचा मुक्काम घराबाहेर असतो आणि खरिपाच्या तोंडावर हे दिवस आणखी वाढतात. दिवसभर स्वतः गाडी चालवत कृषी सेवा केंद्रांना भेटी, संध्याकाळी शेतकरी मेळावा किंवा वितरकांची बैठक, रात्री दहा-साडेदहाला ढाब्यावर जेवण आणि त्यासोबत बहुधा मद्य, असा त्यांचा क्रम आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्यांचे एचबीए१सी (रक्तातील साखरेचे सरासरी प्रमाण दाखवणारी चाचणी) ६.१, रक्तदाब १३६/८८ आणि कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर आला. दर शनिवार-रविवारी ते दोन दोन तास धावतात आणि रविवारी केवळ सूप व फळांवर राहतात, तरीही वजन उतरत नाही. कंपनीने पुण्याच्या मुख्यालयात बैठ्या कामाची जागा देऊ केली आहे. ती घेतल्यास इन्सेंटिव्ह जाईल. मुलगीही यंदा दहावीला आहे, मात्र ही जागा घ्यावी असा पत्नीचा आग्रह आहे. ते विचारतात, ‘फिरतीच्या नोकरीत तब्येत राखणे शक्यच नाही, हे मान्य करून मी नोकरीचे स्वरूप बदलावे का?’

सप्रेम नमस्कार,

तुम्ही तपासणीचा अहवाल कपाटात न ठेवता त्यावर विचार करत आहात, याचे मला मनापासून बरे वाटले. एचबीए१सी ५.७ ते ६.४ या पट्ट्यात असेल तर त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात आणि ६.५ पासून पुढे मधुमेह धरला जातो. म्हणजे तुम्ही अजून अलीकडच्या काठावर आहात. भारतीय पुरुषांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर मानतात. त्या मानाने तुमचा घेर वाढलेला आहे आणि रक्तदाबही वरच्या कडेला टेकला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक तुमच्यासारखे मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. त्यामुळे हे उत्तर तुमच्या नावे लिहिले असले, तरी औषध प्रतिनिधी, लेखापरीक्षक, यंत्रदुरुस्ती करणारे अभियंते, बँकांचे निरीक्षक अशा कितीतरी फिरत्या माणसांना ते उपयोगी पडावे, अशी माझी इच्छा आहे.

या अवस्थेतून काय होऊ शकते, हे चेन्नईत झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाने दाखवून दिले आहे. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तशर्करा सीमेवर असलेल्या मध्यमवयीन माणसांपैकी ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला देऊन सोडून दिले, त्यांतील ५५ टक्के माणसांना सुमारे तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून रोजचे चालणे आणि आहारातील बदल नेटाने करून घेतले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. या दुसऱ्या गटाचे वजन फारसे घटले नव्हते, तरीही धोका कमी झाला, ही त्यातील मला फार मोलाची वाटणारी बाब. वजनकाटा हलत नाही म्हणून तुम्ही निराश झाला आहात. शरीरात चांगला बदल होत असताना काटा काही काळ जागचा हलत नाही, असे होऊ शकते, हे ध्यानात ठेवा.

आता तुमच्या प्रश्नातील गृहीतकाकडे वळू. फिरतीत तब्येत राखणे शक्यच नाही, असे तुम्ही लिहिता. महिन्यात १४ किंवा त्याहून अधिक रात्री कामासाठी बाहेर काढणाऱ्यांची प्रकृती एक ते सहा रात्री बाहेर राहणाऱ्यांपेक्षा वाईट असल्याचे कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांना २०१८ च्या एका अभ्यासात आढळले होते. या लोकांमध्ये स्थूलपणा, धूम्रपान, झोपेच्या तक्रारी, मद्याच्या अधीन होण्याची लक्षणे, चिंता आणि नैराश्य हे सारे अधिक होते आणि व्यायाम न करणारेही अधिक होते. तो अभ्यास अमेरिकेतील नोकरदारांचा असला, तरी यादी वाचल्यावर तुम्हाला आपल्याच दिनक्रमाची आठवण होईल. पण ही यादी नीट पाहा. तिच्यात किलोमीटर कुठेच नाहीत. झोप, रात्रीचे जेवण, मद्य, हालचाल आणि एकटेपणा यांतून मिळून हे बिघडते, आणि यांतील प्रत्येक गोष्ट थोडीबहुत तरी माणसाच्या हाती असते. काही बाबतीत ती त्याच्या वरिष्ठांच्या हाती असते, त्याबद्दल पुढे लिहितो.

दुसरे गृहीतक तुम्ही उघड लिहिलेले नाही, पण तुमच्या शनिवार-रविवारातून ते दिसते. दौऱ्यावर जे बिघडेल ते घरी आल्यावर भरून काढायचे, असा तुमचा हिशेब आहे. त्यात थोडे तथ्य आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. ब्रिटनमधील सुमारे ९० हजार माणसांच्या मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र बांधून केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याचा बहुतेक व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही हृदयविकार आणि पक्षाघातापासून जवळजवळ तेवढेच संरक्षण मिळाल्याचे त्यात दिसले. म्हणजे तुमचे धावणे वाया जात नाही. मात्र त्या धावण्याने पाच रात्रींची तुटलेली झोप भरून निघत नाही आणि रात्री साडेदहाला पोटात गेलेले तेल व मद्यही निस्तरले जात नाही. रविवारच्या लंघनामुळे सोमवारी सकाळी भूक अनावर होऊन पहिल्याच थांब्यावर कचोरी आणि गोड चहा होतो, असे तुम्हीच पत्रात लिहिले आहे. पाच दिवस गाडीत बसून सहाव्या दिवशी एकदम दोन तास धावणे हेही त्रेचाळिसाव्या वर्षी, रक्तदाब वाढलेला असताना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, दौऱ्याचे दिवस तुम्ही आजवर अपवाद म्हणून मोजत आलात, पण महिन्यातील निम्मे दिवस अपवाद असू शकत नाहीत. त्या दिवसांसाठी घरच्यापेक्षा वेगळे, कमी मागणीचे, पण न मोडणारे नियम तुम्हाला हवेत, आणि ते गाडीत बसण्यापूर्वी, दौऱ्याचा आराखडा करतानाच ठरले पाहिजेत. रात्री दहाला ढाब्यावर बसल्यावर कोणाचाही निर्धार टिकत नाही, कारण तोवर दिवसाचे सारे निर्णय घेऊन माणूस थकलेला असतो आणि भुकेलेलाही असतो.

सुरुवात मी झोपेपासून करतो, कारण तुमच्या पत्रात तिचा उल्लेख सर्वांत कमी आहे. शिकागो विद्यापीठात १९९९ मध्ये झालेल्या एका छोट्या पण गाजलेल्या प्रयोगात निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार चार तास झोपू दिले, तेव्हा साखर हाताळण्याची त्यांच्या शरीराची क्षमता लक्षणीय घटली. झोप अपुरी असली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि मन गोडाकडे, तेलकटाकडे ओढले जाते, हा अनुभव तर सर्वांचाच आहे. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा सावध राहतो, असे अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले. रोज रात्री नव्या गावी, नव्या लॉजवर मुक्काम करणारा माणूस अशी ‘पहिली रात्र’ रोजच काढत असतो. म्हणून आराखड्यात पहिला बदल असा करा : रोज पुढच्या गावी सरकण्याऐवजी एका गावी तीन मुक्काम ठेवा. नांदेडला राहून परभणी आणि हिंगोली करता येते, कारण दोन्ही ठिकाणी जाऊन संध्याकाळपर्यंत परतणे शक्य आहे. अकोल्यात राहून वाशीम आणि बुलढाण्याचा काही भाग उरकता येईल. डिझेल थोडे वाढेल, परंतु खोली तीच, उशी तीच आणि खालच्या खाणावळीतील माणूस ओळखीचा राहील. शक्य असेल तिथे दर दौऱ्यात तेच लॉज घ्या आणि रस्त्याच्या बाजूची खोली नको, आतली द्या, असे फोनवरच सांगून ठेवा.

रात्री साडेदहानंतर गाडी चालवायची नाही, हाही नियम याच झोपेखाली येतो. पुढच्या गावी आजच पोहोचलो तर उद्या सकाळ मोकळी मिळेल, या विचाराने रात्री निघणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला काळजी वाटते. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीराला आपोआप पेंग येते. दुपारचे जेवण जड झाले असेल तर ती वाढते. पेंग आलीच तर काच उघडून किंवा गाणी लावून ती जात नाही. गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटे डोळे मिटणे हा तिच्यावरील प्रामाणिक उपाय आहे.

आता रात्रीच्या जेवणाबद्दल लिहितो. सगळ्या दौऱ्याचे भवितव्य तिथे ठरते, असे मला वाटते. तुम्ही लिहिता की डीलर दुकान बंद करून आठ-साडेआठनंतरच मोकळे होतात, त्यांच्यासोबत ‘बसले’ नाही तर संबंध राहत नाहीत आणि संबंध नसतील तर ऑर्डर येत नाही. तुमचा धंदा तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. तरी एक विनंती करतो. गेल्या दोन हंगामांचे ऑर्डरचे आकडे काढा आणि प्रत्येक डीलरच्या नावापुढे, त्याच्यासोबत रात्रीच्या बैठका किती झाल्या, हे आठवून लिहा. डीलर कंपनीकडे पाहतो तो माल वेळेवर येतो का, उधारीची मुदत किती, परतावा घेतात का आणि उगवणीची तक्रार आली तर माणूस शेतावर येऊन उभा राहतो का, यासाठी. या याद्या शेजारी ठेवल्यावर तुम्हाला काय दिसेल, हे मी आधीच सांगू शकत नाही. पण तुमच्या धंद्यातील हे गृहीतक आजवर कोणी तपासून पाहिलेले नसावे, असा माझा अंदाज आहे. ज्या तीन-चार जणांबाबत ते खरे ठरेल, त्यांच्यासाठी वेगळा विचार करा आणि उरलेल्यांना त्या यादीतून मोकळे करा.

त्या तीन-चार जणांबरोबरही तुम्ही बसू शकता, फक्त जेवून जा. संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास खाणावळीत दोन ज्वारीच्या भाकरी, वरण किंवा पिठले, एखादी पालेभाजी आणि दही असे जेवण उरका. मराठवाड्यात हे जेवण कुठेही मिळते आणि तर्रीच्या भाज्यांपेक्षा स्वस्तही पडते. मग दहाला ढाब्यावर बसल्यावर समोरच्या ताटातील कांदा-काकडी, भाजलेला पापड आणि ताक यांवर गप्पा रंगवता येतात. पोट भरलेल्या माणसाला नाही म्हणणे सोपे जाते, हे तुम्ही दोनदा करून पाहिलेत की मला सांगावे लागणार नाही.

मद्याबद्दल स्पष्ट लिहितो. तीस मिलिलिटर व्हिस्कीत साधारण दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. मद्याची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा सांगता येत नाही, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जाहीरपणे मांडली. मद्याने झोप लवकर लागते, पण रात्रीचा उत्तरार्ध तुटक जातो. रक्तदाब वाढतो आणि त्याच्याबरोबर येणारे तळलेले चखणे वेगळेच. आपल्याकडे ‘डॉक्टरांनी बंद केले आहे’ या वाक्याला मान आहे. त्यावर कोणी फार आग्रह करत नाही. हे वाक्य खोटे ठरू नये म्हणून तुमच्या डॉक्टरांना खरोखर विचारा. तुमचा अहवाल पाहून ते निदान तीन महिने बंद ठेवायला सांगतील, अशी मला खात्री वाटते. सोडल्यावर चिडचिड, कंप, घाम असा त्रास झाला किंवा ठरवूनही दोन आठवडे थांबता आले नाही, तर तो दौऱ्याचा प्रश्न उरत नाही. अशा वेळी डॉक्टरांना त्रास लपवून न ठेवता सांगावा. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या संस्था १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम आस्थेने करत आल्या आहेत, आणि तिथे मदत मागण्यात कमीपणा नाही.

मद्याइतकाच, पण कोणाच्या लक्षात न येणारा भाग चहाचा आहे. तुम्ही दिवसाला आठ-दहा दुकानांत जाता आणि प्रत्येक ठिकाणी चहा येतो. एका चहात दोन चमचे, म्हणजे आठ-दहा ग्रॅम साखर धरली, तरी आठ चहांत ६४ ते ८० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण ५० ग्रॅमची कमाल मर्यादा सांगते आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत राहावे असे म्हणते. ढाबा सोडूनही तुमचे एचबीए१सी उतरले नाही, तर कारण या चहात सापडेल. दिवसाचे दोन चहा मनासारखे घ्या आणि बाकीच्या ठिकाणी बिनसाखरेचा किंवा नुसते पाणी मागा. नियमित दुकानांत एकदा सांगून ठेवले की पुढच्या खेपेपासून तो पोरगा स्वतःच वेगळा कप आणतो.

सकाळच्या आणि मधल्या खाण्याची तयारी घरून करणे उत्तम. आपल्या आजी-पणजींनी प्रवासाचे खाणे फार विचारपूर्वक ठरवले होते. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी दोन-तीन दिवस चांगली राहते, तर सोलापूरकडची कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते. जवसाची, कारळाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी सोबत असली की त्याला जेवणाचे रूप येते. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि एखादे फळ गाडीत हाताशी ठेवावे, फक्त मुठीने मोजून, कारण शेंगदाण्यात स्निग्धांश भरपूर असतो. लॉजखाली पोहेच मिळत असतील तर एक प्लेट पोह्यांबरोबर दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर दही घ्या. प्रथिने पोटात गेली की अकराच्या सुमारास लागणारी भूक निवळते.

व्यायामाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो तुम्हाला वाटतो तितका अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला, आणि एकावेळी निदान दहा मिनिटे सलग झालीच पाहिजेत, ही जुनी अट काढून टाकली. पाच पाच मिनिटांचे चालणेही हिशेबात धरले जाते. १० हजार पावलांचे ॲप दोनदा काढून टाकल्याचे तुम्ही लिहिले आहे. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकामुळे रूढ झाला आणि त्याच्या बरेच आतही चांगला लाभ होतो. त्यापेक्षा कामातच चालणे शोधा. मोंढ्यात कृषी सेवा केंद्रे एका ओळीत असतात. गाडी एका टोकाला लावून सगळी दुकाने पायी करा. शिवारफेरीत, पीक पाहणीत तुम्ही मैलभर सहज चालता, ते तुम्ही व्यायाम म्हणून मोजतच नव्हतात. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाला. नुकत्याच रक्तात उतरणाऱ्या साखरेला त्या वेळी स्नायू वापरून घेतात, म्हणून या वेळेचे महत्त्व अधिक आहे. दर दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे उतरा. सलग चार तासांहून अधिक काळ न हलता बसल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि तो विमानात जसा असतो तसाच मोटारीत, रेल्वेत आणि एसटीतही असतो.

स्नायूंच्या व्यायामासाठी लॉजच्या पलंगाशेजारची चटईएवढी जागा पुरते. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार रुजवले, ते साधन लागत नाही आणि जागाही फारशी लागत नाही म्हणूनही. आठवड्यातून तीन सकाळी सूर्यनमस्कार, बैठका आणि भिंतीला किंवा पलंगाला हात टेकून जोर, असे वीस मिनिटे करा. रक्तदाब वाढलेला असल्याने श्वास कोंडू नका आणि गुडघे दुखत असतील तर बैठका अर्ध्यावरच थांबवा. ज्या सकाळी काहीच जमणार नाही, त्या सकाळी पाच मिनिटे करा, पण तो दिवस कोरा सोडू नका. अशा पाच मिनिटांनी सवय तुटत नाही, हे अनेकांच्या बाबतीत मी पाहिले आहे.

तुमचा सर्वांत धावपळीचा काळ एप्रिल ते जून असतो आणि त्याच वेळी परभणी-अकोल्याचा पारा ४२-४३ च्या पुढे जातो. गाडीतील वातानुकूलनातून एकदम रणरणत्या शेतात उतरताना तहान लागण्याची वाट पाहू नका. ताक, लिंबूपाणी, साधे पाणी थोडे थोडे घेत राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेली ओआरएसची पाकिटे पेटीत ठेवा, जुलाब किंवा उन्हाचा त्रास झाला तर एक पाकीट सांगितले असेल तेवढ्या, बहुधा एक लिटर, पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या, आणि तशाच दिसणारी फळांच्या स्वादाची गोड पेये ओआरएसच्या जागी वापरू नका.

याच संदर्भात फिरतीवर असणाऱ्या स्त्री वाचकांसाठी दोन वाक्ये लिहिणे मला आवश्यक वाटते. स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने दिवसभर पाणी न पिणाऱ्या कितीतरी जणी मूत्रमार्गाच्या संसर्गाने हैराण होतात. हा त्रास त्यांनी मुकाट्याने सोसू नये. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी मोफत देणे पंपचालकावर बंधनकारक आहे, तेव्हा इंधन भरले नाही तरी निःसंकोच मागावे, आणि दौऱ्याचा आराखडा करताना असे थांबे आधीच नक्की करून घ्यावेत. नियमित औषधे घेणाऱ्या सर्वांनी ती हातातल्या पिशवीत, दौऱ्याच्या दिवसांपेक्षा दोन-तीन दिवस अधिक पुरतील एवढी ठेवावीत. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत औषधे ठेवू नयेत, इन्सुलिन तर मुळीच नको.

आता नोकरीचा प्रश्न. तुमच्या पत्नीची काळजी रास्त आहे आणि ती काळजी तुमच्या नोकरीवरील टीका आहे, असे समजू नका. पण पुण्याची खुर्ची हे औषध आहे, हे मात्र मला पटत नाही. तिथे आठ-नऊ तास बसणे आहे, रोजचा वाहतुकीतील वेळ आहे, आणि तुम्ही रोज शिवारात जे चालता ते तिथे नाही. घरचे जेवण आणि स्वतःची खाट मिळेल, हा लाभ मोठा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. परंतु मुलीचे दहावीचे वर्ष, इन्सेंटिव्ह आणि तुम्हाला आवडणारे काम सोडून तुम्ही तिथे गेलात आणि चहा, झोप, हालचाल यांत काहीच बदलले नाही, तर आकडे तिथेही हेच राहतील.

म्हणून निर्णय तीन महिने पुढे ढकला. एचबीए१सी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे त्याआधी तपासून फारसा उपयोग नाही. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांना भेटून हे सारे दाखवा, हृदयाची कोणती तपासणी आवश्यक आहे ते विचारा, आणि घरी रक्तदाब मोजायचे दंडावर बांधायचे यंत्र घेऊन दौऱ्यावरही आठवड्यातून दोनदा सकाळी नोंद ठेवा. रात्री मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकल्यासारखे होणे आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी लागणे, अशी लक्षणे असतील तर पत्नीला विचारून तेही डॉक्टरांना सांगा. झोपेतील श्वासरोधाने रक्तदाब वाढतो आणि हा श्वासरोध उपचाराने आटोक्यात आणता येतो. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अनोळखी दम लागणे, यांपैकी काही झाले तर दौरा तिथेच थांबवून जवळचे रुग्णालय गाठा, भेटी राहिल्या तरी चालेल.

याच तीन महिन्यांत तुमच्या वरिष्ठांना एक लेखी विनंती करा. एका गावी तीन मुक्काम, रात्री साडेदहानंतर गाडी नाही, आणि महिन्यातून एक आठवडा तुमचे घर असलेल्या शहरातूनच फोनवर व जवळच्या भेटींवर काम, एवढ्या तीन गोष्टी मागा. त्यांच्यासमोर तुमच्या अहवालाची प्रत ठेवण्यात संकोच करू नका. अनुभवी माणूस आजारी पडून सुटला तर पुढच्या खरिपात त्यांचेच नुकसान आहे, आणि हे त्यांना समजत नाही असे नाही. त्यांनी हे मान्य केले आणि तीन महिन्यांनी आकडे खाली आले, तर फिरती सोडण्याचे कारण उरत नाही. दहावीनंतर पुण्याचा विचार शांतपणे करता येईल. त्यांनी नकार दिला, किंवा सगळे नीट पाळूनही आकडे वाढतच राहिले, किंवा रात्रीची गाडी आणि रात्रीची बैठक ही तुमच्या पदाची अटच असल्याचे स्पष्ट झाले, तर पुण्याची जागा घ्या. तोवर ती जागा तुमच्यासाठी राखून ठेवता येईल का आणि किती काळ, हे मनुष्यबळ विभागाला याच आठवड्यात विचारून घ्या, आणि त्यांचे उत्तर आले की पत्नीसह बसून इन्सेंटिव्ह वजा जाता घरखर्च कसा भागेल, हे कागदावर मांडून ठेवा.

आपला,
सदरलेखक